कोनाची शर्यत, रात्रीची लाइट आणि चॅम्पियन कोण?

तापीकाठ
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५, संध्याकाळी ७:१०

राम राम मंडळी.

या आठवड्यात आमच्या फीडरला रात्रीची लाइट आहे. काल केळीला पाणी लावायला वावरात गेलो, मोटर सुरू केली, व्हॉल्व्ह बघितले आणि शेडमधल्या खाटेवर पडून मोबाइलवर कोनाची बायकांची शर्यत लावली. हवाईत सकाळचे साडेसहा म्हणजे आपल्याकडे रात्रीचे दहा. शर्यत साडेआठ तासांची. लाइट आणि शर्यत जवळपास सोबतच संपली. घरी सगळ्यांना वाटतंय की मी पाण्यासाठी जागलो.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. समुद्रात ३.८ किलोमीटर पोहायचं, बाहेर येऊन १८० किलोमीटर सायकल चालवायची आणि उतरल्या उतरल्या ४२.२ किलोमीटर पळायचं. सायकलचं अंतर म्हणजे जळगावहून धुळ्याला जाऊन परत यायचं. हे सगळं १७ तासांच्या आत. याला आयर्नमॅन म्हणतात आणि त्याची जागतिक स्पर्धा म्हणजे हवाईतल्या कोना गावची ही शर्यत.

काल काय झालं ते ऐका. लुसी चार्ल्स-बार्कली आणि टेलर निब या दोघी पुढे. सायकल संपली तरी वाटत होतं की यांच्यातलीच एक जिंकणार. मग पळायला लागल्या आणि उन्हाने दात दाखवले. लुसी मध्येच थांबली. निब एकटी पुढे राहिली, पण शेवटचे तीन-साडेतीन किलोमीटर उरले असताना तिचे पाय वाकडेतिकडे पडायला लागले आणि ती रस्त्यावर बसली ती बसलीच. मागून नॉर्वेची सोल्वेग लोव्सेथ आली आणि निघून गेली. कोनामधली तिची पहिलीच शर्यत, आणि जिंकली. कॅट मॅथ्यूज तिच्या मागे मिनिटभराच्या आत.

मी पहाटे साडेसहाला मोटर बंद केली, पण डोक्यात ती रस्त्यावर बसलेली पोरगी. शेवटच्या तीन-चार किलोमीटरपर्यंत जी सगळ्यांच्या पुढे होती तिच्या नावापुढे आता निकालात काहीच नाही. तर धाग्याचा प्रश्न असा: या खेळात चॅम्पियन कोणाला म्हणायचं? माझं मत आधीच सांगून टाकतो. दिवस चांगला असला की सगळेच जिंकतात. दिवस फिरल्यावर माणूस काय करतो त्यावर तो चॅम्पियन.

भुसावळ लोको
रविवार, रात्री ८:०२

भाऊ, ३४ वर्षं रेल्वेत काढली. गाडी आउटर सिग्नलपर्यंत वेळेत आणली आणि तिथे इंजिन बंद पडलं, तर वहीत काय लिहितात? गाडी आली नाही. प्लॅटफॉर्मला लागली तरच आली. लोव्सेथ चॅम्पियन, विषय संपला.

तुमच्या भावना समजतात, पण ज्या खेळात घड्याळ आहे तिथे घड्याळाचंच ऐकावं लागतं. १९८९ ची शर्यत आठवा. मार्क अॅलन आणि डेव्ह स्कॉट आठ तास खांद्याला खांदा लावून. पोहण्यात सोबत, सायकलवर सोबत, मॅरेथॉनमध्येही जवळजवळ शेवटपर्यंत सोबत. शेवटच्या चढावर अॅलन सुटला आणि ८ तास ९ मिनिटं १५ सेकंदांत आला. स्कॉट ८:१०:१३. फरक ५८ सेकंद. आमच्याकडे ५८ सेकंदांना उशीरसुद्धा म्हणत नाहीत, पण तिथे एक पहिला आणि एक दुसरा. स्कॉट तोवर सहा वेळा जिंकलेला होता, अॅलनचं ते पहिलं जेतेपद. पुढे त्याचीही सहा झाली.

पांझरा
रविवार, रात्री ८:३१

मूळचा धुळ्याचा, सध्या पुण्यात. काकांना अनुमोदन, पण कारण वेगळं.

तापीकाठ भाऊ, "दिवस फिरला" म्हणजे नक्की काय? दिवस आपोआप फिरत नाही हो. नॉर्वेवाल्यांनी हेच तर दाखवून दिलं. क्रिस्टियन ब्लुमेनफेल्टने जुलै २०२१ मध्ये टोकियोला ऑलिम्पिकचं सुवर्ण घेतलं. ती शर्यत पावणेदोन तासांची. मे २०२२ मध्ये अमेरिकेतल्या सेंट जॉर्जला त्याने लांब अंतराची जागतिक स्पर्धाही मारली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कोनाला त्याचा जोडीदार गुस्ताव इडेन पहिला आला, ७:४०:२४, तेव्हाचा तिथला विक्रम. आणि यंदा पुरुषांची जागतिक स्पर्धा सप्टेंबरमध्ये फ्रान्समधल्या नीसला झाली, तिथे पहिले तिघं नॉर्वेचे: कॅस्पर स्टोर्नेस, इडेन, ब्लुमेनफेल्ट. आता बायकांतही नॉर्वे. ५५ लाख वस्तीचा देश. आपला जळगाव जिल्हाच ४० लाखांच्या पुढे आहे.

यांची पद्धत अशी की सरावात बोटाला टोचून रक्तातलं लॅक्टेट (जोराच्या मेहनतीत वाढतं ते) मोजायचं आणि त्या आकड्याच्या वर जायचं नाही. दम लागला, जोर आला, आज मूड आहे, असल्या गोष्टींना तिथे किंमत नाही. एका दिवसात दोनदा मेहनतीचा सराव, पण दोन्ही वेळा लगाम हातात. उन्हाचा सरावही मोजून. निब आणि लुसी कच्च्या आहेत असं मी म्हणत नाही. पण कालचं ऊन सगळ्यांना सारखंच होतं ना? शेवटी ज्यांनी आधी हात राखला त्याच पुढे आल्या.

आबा चोपडेकर
रविवार, रात्री ९:१५

तापीकाठ भाऊ, रातभर मोटर चालू ठेवीसन तुम्हीन शर्यत देखत बठनात, तठे वावरमा पानी तुंबी गये व्हई.

बाकीच्यांसाठी मराठीत: १८० किलोमीटर जायला यस्टी आहे. चोपड्याहून धुळ्याची मिळते, बसायलाही जागा असते. नातू म्हणतो त्या सायकलीची किंमत ट्रॅक्टरइतकी असते. ट्रॅक्टर निदान नांगरतो.

तापीकाठ
रविवार, रात्री ९:२२

आबा, ठिबक आहे, तुंबत नाही. 😀

पांझरा, हात राखणं वगैरे ठीक, पण २०१७ चा यान फ्रोडेनो आठव. २००८ चं ऑलिम्पिक सुवर्ण, २०१५ आणि २०१६ ला कोना. २०१७ ला तिसऱ्यांदा जिंकायला आलेला. मॅरेथॉनच्या सुरुवातीलाच पाठ धरली. रस्त्याच्या कडेला आडवा झाला, उठला, चालत निघाला. त्याला गाडीत बसून हॉटेलवर जाता आलं असतं, मोठी नावं तेच करतात. हा पठ्ठ्या चालत, रखडत सव्वानऊ तासांनी आला. त्याला मागे टाकून गेलेल्यांत पोटापाण्याला दुसरं काम करणारे हौशी लोकही असतील. २०१८ ला हाड दुखावलं म्हणून उतरलाच नाही, आणि २०१९ ला ७:५१:१३ असा विक्रम करून परत जिंकला. मला विचाराल तर त्याच्या तीन जेतेपदांपेक्षा ते सव्वानऊ तास मोठे.

भुसावळ लोको
रविवार, रात्री ९:४०

फ्रोडेनोला मान आहेच. पण तुमच्याच निकषावर बोलायचं तर क्रिसी वेलिंग्टनच्या पासंगाला कोणी नाही. लांब अंतराच्या १३ शर्यती, १३ विजय. एकही हार नाही. २००७ ला कोनाला आली तेव्हा तिला कोणी ओळखत नव्हतं. २००८ ला सायकल पंक्चर. हवा भरायची गॅसची नळकांडी वाया गेली. रस्त्याच्या कडेला उभी, सगळ्या पुढे निघून जातायत. मागून प्रतिस्पर्धी रिबेका कीट आली आणि जाता जाता आपलं नळकांडं तिच्याकडे फेकलं. वेलिंग्टनने चाक भरलं, एकेकीला गाठलं आणि जिंकली. २०१० ला शर्यतीच्या सकाळीच आजारी म्हणून उतरली नाही. २०११ ला शर्यतीच्या दोन आठवडे आधी सायकलवरून पडली, अंग सोललेलं, तरी जिंकली.

दिवस फिरला, पण गाडी वेळेत. दोन्ही निकषांत बसते. आणि त्या कीटबाईंचं नाव फार कमी लोकांना माहीत असतं म्हणून मुद्दाम लिहिलं.

मेहरूणची बोरं
रविवार, रात्री १०:०५

जळगावहून. या विषयात मी अगदीच नवखी, त्यामुळे चुकलं तर सांभाळून घ्या.

तुम्ही सगळे पहिल्या तिघींबद्दल बोलताय. मी काही रात्रभर जागले नाही. दुपारी जेवणं आटोपल्यावर सहज लावलं तेव्हा तिकडे हवाईत मध्यरात्र जवळ आलेली. आणि एक आजी येताना दिसली. नताली ग्रॅबो, वय वर्षं ८०. पावणेसतरा तास. शेवटच्या पट्टीवर चढताना अडखळून पडली, उठली, हसली. कोना पूर्ण करणारी आजवरची सर्वांत वयस्क बाई. मग वाचलं की ती पोहायला शिकली तीच साठीला टेकल्यावर.

मी ४४ ची. तीन महिन्यांपासून तलावावर पोहायला जाते. लहानपणी मामाच्या गावी भाऊ सगळे पाठीला डबा बांधून विहिरीत उड्या मारायचे आणि आम्ही बहिणी काठावर त्यांचे कपडे राखायचो. "पोरींनी काय करायचंय पोहून" हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की मलाही पटलं होतं. आता पंचवीस मीटर न थांबता जमतात. माझ्यापुरती चॅम्पियन ठरली आहे.

कळण्याची भाकर
रविवार, रात्री ११:२०

धुळ्याला डॉक्टर आहे. दवाखाना आवरून आत्ता वाचला धागा. मेहरूणताई, पंचवीस मीटरबद्दल अभिनंदन. तापीकाठ भाऊ, तुमच्याशी मात्र भांडायचं आहे.

निबला काय झालं असेल ते मी इथून सांगू शकत नाही, पण उन्हात असं कसं होतं ते सांगते. स्नायू जी शक्ती खर्च करतात तिच्यातली पाव हिस्साच चाक फिरवायला किंवा पाय उचलायला लागते. बाकीची उष्णता होते. ती बाहेर टाकायला शरीर रक्त कातडीकडे पाठवतं आणि घाम काढतं. पण तेच रक्त पायांनाही हवं असतं. त्यात घाम नुसता येऊन उपयोग नाही, तो वाळला तरच अंग थंड होतं. कोनाला पारा तिशीच्या थोडा वरच असतो. आपण म्हणू, हे काय ऊन झालं? आपल्या भुसावळला मे महिन्यात ४५ सहज जातो. पण आपलं ऊन कोरडं. घाम फुटला की वाळतो, कपड्यावर पांढरे डाग राहतात बघा, ते मीठ. तिकडे हवेत ओल, दोन्ही बाजूंना काळ्या लाव्हाचं रान, खालून तापलेला डांबरी रस्ता. घाम नुसता निथळतो. आतलं तापमान ४० च्या पुढे गेलं की मेंदू पायांवरचा ताबा सोडायला लागतो. ते वाकडे पाय म्हणजे हिमतीची परीक्षा नसते हो. ते शेवटचं सिग्नल असतं. (लोको काका, तुमचाच शब्द.)

आणि हे "कोसळून पडली तरी" वालं कौतुक आलं कुठून? फेब्रुवारी १९८२. ज्युली मॉस नावाची विद्यार्थिनी पुढे होती, शेवटच्या काही मीटरवर पाय गेले, हातापायांवर रांगत पट्टीकडे निघाली. कॅथलीन मॅककार्टनी तिला ओलांडून २९ सेकंदांनी जिंकली. टीव्हीवर ते रांगणं अमेरिकेने पाहिलं आणि या खेळाकडे लोकांची रीघ लागली. जिंकणारीचं नाव किती जणांना येतं? खेळ मोठा झाला हे खरं, पण तेव्हापासून रांगणं म्हणजेच शौर्य असं एक खूळ बसलं. पॉला न्यूबी-फ्रेझरचं १९९५ बघा. कोना आठ वेळा जिंकलेली बाई, इतकी जेतेपदं दुसऱ्या कोणाचीच नाहीत. त्या वर्षी पुढे असताना शेवटच्या काहीशे मीटरवर कोसळली. घाईघाईत पाण्याचे थांबे सोडले होते. रस्त्यावर पडून राहिली, बऱ्याच वेळाने उठून चालत चौथी आली. कॅरेन स्मायर्स जिंकली. पुढच्या वर्षी पॉला परत आली आणि आठवं जेतेपद घेतलं. मला त्या आठव्याचं कौतुक, कारण ती चूक मोजून परत आली.

लुसी काल स्वतः थांबली. २०१७, २०१८, २०१९, २०२२, चार वेळा दुसरी आलेली, २०२३ ला सुरुवातीपासून शेवटपर्यंत पुढे राहून जिंकलेली. तिला थांबणं किती जड गेलं असेल? माझ्या मते काल रस्त्यावरचा सगळ्यांत अवघड निर्णय तिचा.

पांझरा
सोमवार, सकाळी ७:४५

ताई, ग्रेट. मीठ आणि पाण्याबद्दलही लिहा ना. आपल्याकडे एकच मंत्र: पाणी पी, पाणी पी.

कळण्याची भाकर
सोमवार, दुपारी २:१०

तो मंत्र अर्धवट आहे. पाच-सहा तास घामातून मीठ जातंय आणि तुम्ही वरून नुसतं साधं पाणी ढोसताय, तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजतात, माणूस बरळतो. लोकांना वाटतं पाणी कमी पडलं, आणखी पाजतात. यात माणसं दगावलेली आहेत. तहानेप्रमाणे प्या, त्यात मीठ असू द्या. आपल्या आज्या उन्हातून आलेल्याला आधी गूळ देऊन मग पाणी द्यायच्या, ताकात मीठ-जिरं घालायच्या. पाण्याचा तांब्या घशात उलटा करू नको म्हणायच्या.

तापीकाठ
सोमवार, रात्री ८:५०

ताई, भांडा. हक्क आहे तुमचा. पण खाण्याचा विषय निघालाच आहे तर केळीवाल्याला बोलू द्या.

या शर्यतींत थांब्याथांब्यावर केळी ठेवतात. मला वाटायचं आपला माल जगात चॅम्पियन लोक खातात. मग हिशेब केला. शरीरात साखरेचा साठा साधारण दोन हजार कॅलरींचा, तो तर सायकल संपायच्या आतच उडतो. म्हणून तासाला निदान ९० ग्रॅम कर्बोदकं, आताचे मोठे खेळाडू १२० पर्यंत जातात. एका मध्यम केळीत पंचवीसेक ग्रॅम. म्हणजे तासाला चार केळी. सायकल पाच तास धरली तर वीस. दोन फण्या हँडलला बांधून निघावं लागेल! आणि गाभ्याचा तंतू पोटात बसणार तो वेगळा. म्हणून ते जेल आणि साखरेचं पाणी. त्यातही नुसतं ग्लुकोज तासाला ६० ग्रॅमच्या पुढे आतडं उचलत नाही, सोबत फ्रुक्टोज लागतं कारण त्याचा दरवाजा वेगळा. आणि तेही सवयीने. पोटालासुद्धा सराव द्यावा लागतो.

तरी सरावाला मी केळीच नेतो. २०१६ ला जळगावच्या केळीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, जेलला मिळालाय का?

आबा चोपडेकर
सोमवार, रात्री ९:०५

भाव मिळाला का ते सांगा. जीआय राहू द्या.

भुसावळ लोको
सोमवार, रात्री ९:३०

आबा, 🙏 जखमेवर मीठ. सोडियम ताईंनी आत्ताच सांगितलं.

खाण्यावरून आठवलं. पहिली शर्यत १८ फेब्रुवारी १९७८, ओआहू बेटावर. नौदलाचे जॉन कॉलिन्स यांच्या डोक्यातली कल्पना: बेटावर होणारी पोहण्याची शर्यत, सायकलची फेरी आणि होनोलुलू मॅरेथॉन, तिन्ही एकाच दिवशी जोडायच्या. १५ जण निघाले, १२ पोचले. गॉर्डन हॅलर ११ तास ४६ मिनिटं ५८ सेकंदांत पहिला. दुसरा आलेला जॉन डनबार पुढे होता, पण त्याच्या सोबत्यांकडचं पाणी संपलं, म्हणून त्यांनी त्याला बिअर पाजली. तरी दुसरा आला. आणि आज? २०२४ ला पॅट्रिक लांगेने कोना ७:३५:५३ मध्ये मारला. ४६ वर्षांत चार तासांहून जास्त फरक. सायकली, बूट, जेल, सगळं धरा, तरी मला हे झेपत नाही.

मेहरूणची बोरं
सोमवार, रात्री ९:५२

आपल्याकडचं कोणी नाही का?

पांझरा
सोमवार, रात्री १०:१५

ताई, जगज्जेता नाही, पण पूर्ण करणारे आता पुष्कळ. मिलिंद सोमणने २०१५ ला झ्युरिकला केलं, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, तेव्हापासून आपल्या पेपरांत "आयर्नमॅन" शब्द दिसायला लागला. २०१९ पासून गोव्याला अर्ध्या अंतराची शर्यत होते. तिथे समुद्राच्या लाटेला आपली विहीर-तलाववाली मंडळी घाबरतात, पण जातात. नुसत्या सायकलचं बघायचं तर नाशिकचे डॉक्टर महाजन बंधू. अमेरिका आडवी पार करण्याची शर्यत त्यांनी २०१५ ला दोघांच्या संघात पूर्ण केली, पहिले भारतीय.

भुसावळ लोको
सोमवार, रात्री १०:२२

नाशिक खान्देशात कधीपासून?

पांझरा
सोमवार, रात्री १०:२४

काका, जुन्या गॅझेटियरवरून भांडण नको. शेजारी म्हणून घेतलं.

तापीकाठ
मंगळवार, पहाटे ५:५०

परत रात्रपाळी. झोप नाही, म्हणून जे लिहायचं टाळत होतो ते लिहितो.

ताई, तुमचं "खूळ" वाचून राग आला होता. खरं बोललात म्हणून आला. मागच्या वर्षी समुद्रकाठच्या एका अर्ध्या अंतराच्या शर्यतीत मी उतरलो होतो. पोहणं कसंबसं, सायकल झकास. गावाकडे एप्रिलमध्ये दुपारी बारा वाजता अजिंठ्याच्या रस्त्यावर पहूरपर्यंत सराव केलेला, त्यामुळे उन्हाचा माज होता. म्हटलं हे ३२ डिग्री काय करणार खान्देशच्या माणसाला. नुसतं पाणी पीत गेलो, मिठाच्या गोळ्या बॅगेतच. पळण्याच्या बाराव्या किलोमीटरला बोटं सुजली, अंगठी रुतायला लागली. स्वयंसेवक पोरगी म्हणाली, काका बसा. मी बसलो नाही. का, तर फ्रोडेनो बसला नव्हता. शेवटचे पाच किलोमीटर मला आठवतच नाहीत. पदक गळ्यात घातल्याचा फोटो आहे, पण फोटो काढल्याचं आठवत नाही. रात्री दवाखान्यात सलाईन. बायको चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी एवढंच म्हणाली, "केळीचं खोड पडायला आलं तर तुम्ही बांबू लावता, स्वतःला कोण लावणार?"

ते पदक मी बैठकीत लावलं होतं. पोरगा सगळ्या पाहुण्यांना दाखवतो, बाबा बेशुद्ध होऊनसुद्धा पळाले. मलाही बरं वाटायचं. रविवारी निबला बसताना बघून छातीत धस्स झालं ते बहुतेक तिच्यासाठी नव्हतंच.

फ्रोडेनोचं मत मात्र सोडत नाही. तो चालला तेव्हा शुद्धीत होता, पाठ दुखत होती, डोकं जागेवर होतं. माझं तसं नव्हतं. हा फरक मला दीड वर्ष कळला नाही.

कळण्याची भाकर
मंगळवार, सकाळी ९:३०

वहिनींना माझा नमस्कार सांगा. आम्हाला दवाखान्यात शिकायला सात वर्षं लागतात ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

फ्रोडेनोबद्दल मान्य. जिंकायचं संपलं हे कळल्यावर तो शरीर सांगेल त्या वेगाने गेला. आणखी एक नाव देते. जपानचे हिरोमु इनादा. निवृत्तीनंतर पोहायला लागले, सत्तरीच्या आसपास ट्रायथलॉन. २०१५ ला ८२ व्या वर्षी कोनाला पट्टीजवळ येऊन कोसळले, उठले आणि १७ तासांची वेळ अवघ्या काही सेकंदांनी चुकली. निकालात नाव नाही. २०१८ ला ८५ व्या वर्षी परत, १६ तास ५३ मिनिटं. लोको काका, गाडी प्लॅटफॉर्मला लागली, सहा-सात मिनिटं आधी.

भुसावळ लोको
मंगळवार, दुपारी १२:४०

८५! मी ६७ चा, गुडघ्याला पट्टा लावून मंडईत जातो. ताई, या माणसापुढे आमचा घड्याळाचा मुद्दा जरा सैल करतो. जरा. निबचं नाव तरी वहीत येणार नाही ते नाहीच.

पांझरा
मंगळवार, दुपारी १:०५

पुढच्या वर्षीपासून बाया-पुरुष दोन्ही परत कोनाला, एकाच दिवशी. म्हणजे तिन्ही नॉर्वेकर, लांगे, निब, लुसी, सगळे एका रस्त्यावर. तापीकाठ भाऊ, फीडरचं वेळापत्रक आत्ताच बघून ठेवा.

मेहरूणची बोरं
मंगळवार, रात्री ८:१५

एक विचारायचं होतं. उघड्या पाण्यात पोहायचा सराव कुठे करतात तुम्ही लोक? धरणावर जावं का?

तापीकाठ
मंगळवार, रात्री ८:४०

ताई, एकटीने अजिबात नको. धरणाच्या फुगवट्यात गाळ असतो, पाण्याखाली जुन्या बाभळी उभ्या असतात, आणि परवानगी लागते ती वेगळी. आधी तलावातच पन्नास, मग शंभर मीटर होऊ द्या. डोकं वर काढून समोर बघत पोहायची सवय तिथेच लावा, कारण समुद्रात तळाला रेघ आखलेली नसते. नंतर आमच्या ओळखीच्या एका मोठ्या विहिरीवर रविवारी चार-पाच जण जमतो. दोर, ट्यूब, काठावर एक माणूस कायम. माझी बायकोही येते. पोहत नाही, काठावर बसून शिट्टी वाजवते, तिने शिट्टी वाजवली की बाहेर.

आबा चोपडेकर
मंगळवार, रात्री ९:००

विहीर कोनती? मी बी येस. पयनं नई, सायकल नई, फकस्त उडी मारसू. साठ वरीस व्हयनात मारी नई.

तापीकाठ
मंगळवार, रात्री ९:०६

या आबा. दिवाळी झाली की पहिल्या रविवारी, सकाळी सात. डबा मी आणतो, पाठीला बांधायचा आणि खायचा, दोन्ही.